अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

प्रिय बाईसाहेब,

पत्र मिळालं. चार पानांतली साडेतीन पानं तू स्वतःला शिव्या घालण्यात खर्च केलीस आणि ताजा कलम म्हणून खाली एक ओळ लिहिलीस, "बूट मात्र आता अगदी पायाचे झालेत, चपलेसारखे वाटतात." साडेतीन पानं मी शांतपणे वाचली, त्या ओळीने मात्र धडकी भरली. बर्फावरच्या स्केटिंगचे बूट चपलेसारखे वाटायला लागले की समजावं, काहीतरी बिघडलंय.

महिनाभर साल्को जंपचं लँडिंग आतल्या बाजूला कोलमडतंय, बॅक आउटसाइड एज (उलटं सरकताना ब्लेडची बाहेरची कड) धरताच येत नाही, वय झालं, सराव कमी पडतो, असं तुझं म्हणणं. असेलही. पण 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आपल्याला लहानपणापासून इतकी पाजली गेलीय, की एखादं अंगण खरंच वाकडं असू शकतं हे आपल्या डोक्यातच येत नाही. माझ्या तर वर्षभर आलं नव्हतं.

माझ्या पहिल्या चांगल्या बुटांची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. पहिले दोन महिने ते लाकडाचे होते. फोड आले, घोट्याचं हाड सोलून निघालं. मग हळूहळू रुळले, आणि पुढचे काही महिने असे गेले की बूट घातलेत हेच विसरायला व्हायचं. मला वाटलं, आता हे असंच राहणार. पण बूट रुळायचे थांबत नाहीत गं. ज्या कारणाने ते पायाला बसतात, त्याच कारणाने पुढे सैल पडतात आणि शेवटी जातात. मधे कुठे पाटी लागलेली नसते. रोज केसभर फरक पडतो आणि पाय रोज केसभर जुळवून घेतो. लेस एक पीळ जास्त आवळायची, वजन नकळत बाहेरच्या कडेवर टाकायचं, लँडिंगला खांदे जरा जास्त फिरवायचे. कोचना वाटे माझी कंबर खचतेय. मी निमूटपणे घोट्याचे व्यायाम करत राहिले. (ते वाया गेले नाहीत, पण रोग तो नव्हताच.)

मग एक दिवस सरावानंतर बूट काढून बाकावर ठेवले. डावा शिपायासारखा ताठ. उजवा मात्र घोट्यापासून आत कलला, कलला आणि आडवा झाला. शेजारी बसलेली एक मुलगी हसत म्हणाली, "मावशी, याला झोप आलीय." मी मात्र हसले नाही. वर्षभर स्वतःवर लावलेले सगळे आरोप मला एकदम आठवले.

उजवाच का, ते तू ओळखलं असशील. आपण दोघी डावीकडे फिरणाऱ्या, म्हणजे जवळजवळ प्रत्येक जंप उजव्या पायावर उतरणार. उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका घोट्यावर येतो. डाव्या बुटाला तेवढं सोसावं लागत नाही. म्हणून एक बूट गेलेला आणि दुसरा धडधाकट, असं नेहमी दिसतं. तरी बदलायची जोडीच. एक ताठ आणि एक मऊ बूट घालून दोन्ही पायांवर सारखं उभं राहता येत नाही.

आता आज रात्री काय करायचं ते सांगते. बूट टेबलावर ठेव आणि खाली वाकून, डोळे टाचेच्या पातळीला आणून, मागून बघ. मागची उभी शिवण सरळ वर जातेय की मधेच मुरडतेय? मग वरचा काठ दोन्ही हातांत धरून बूट डावी-उजवीकडे दाब. 'आधी किती ताठ होता' या आठवणीवर विसंबू नकोस, ती खोटं बोलते. उजव्याची तुलना डाव्याशी कर. पुढच्या बाजूला, घोट्याच्या वाकणावर आडव्या घड्या असतील तर घाबरायचं कारण नाही. गुडघा वाकवतेस म्हणून त्या पडतात, उलट नसत्या तर मी काळजी केली असती. वाईट घडी ती, जी बाजूला पडते, घोट्याच्या हाडाच्या जरा वर. तिथे अंगठा दाबलास आणि उशीत रुतावा तसा रुतला, तर आतलं ताठ अस्तर मोडलं असं समज. बाहेरून कातडं कितीही चकचकीत असलं तरी.

मग बूट पायात घाल, नेहमीसारखी लेस बांध. नवे होते तेव्हा लेसच्या दोन्ही बाजूंमधे चांगली फट होती. आता त्या कडा एकमेकींना टेकायला आल्या असतील तर कातडं ताणलंय आणि आवळायला जागा उरलेली नाही. टाच आत उचलली जातेय का, तेही बघ. उचलली जात असेल तर लेस आवळून ती थांबणार नाही, फक्त पायाच्या पुढच्या शिरा दुखतील.

हुक डगमगणं, आयलेट (लेसच्या भोकाची कडी) निघणं, बुटाची जीभ चपटी होऊन लेस नडगीखाली रुतणं, या सगळ्यावर इलाज आहे. हुक नवा बसतो, जिभेला नवं अस्तर लागतं. त्यासाठी बूट टाकायचे नाहीत. लेस तर दर काही महिन्यांनी बदलावीच. 1994 च्या लिलहॅमर ऑलिंपिकमध्ये टॉन्या हार्डिंग रडत परीक्षकांसमोर गेली आणि पाय वर करून तुटलेली लेस दाखवली. तिला पुन्हा स्केट करू दिलं, पण तुला नि मला कोण देणार?

तळ मात्र नीट बघ. ब्लेड पट्ट्यांनी बुटाला बांधायचे ते दिवस एकोणिसाव्या शतकातच मागे पडायला लागले. जॅक्सन हेन्स नावाच्या अमेरिकन नर्तकाने ब्लेड थेट बुटाला पक्कं जोडलं. तेव्हापासून आपला जीव त्या स्क्रूंवर टांगलेला आहे. कातडी तळ असेल तर बर्फाचं पाणी स्क्रूच्या भोकांतून आत मुरतं. एखादा स्क्रू फिरवून बघ. घट्ट बसला तर ठीक. नुसताच फिरत राहिला तर भोक बुजवून तो पुन्हा बसवता येतो. पण आजूबाजूचं कातडं काळं पडून मऊ झालं असेल, तर वरचा भाग कितीही ताठ असो, तो बूट संपला. लँडिंगच्या क्षणी ब्लेड सरकणं म्हणजे काय, हे अनुभवून शिकायची गोष्ट नाही.

एवढं सगळं सांगून आता उलट बाजूही सांगते, नाहीतर तू उद्याच नवे बूट आणशील. हाच त्रास धार वाकडी लागल्यानेही होतो. ब्लेडच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेची उंची सारखी नसेल तर बिचारा बूट निर्दोष असूनही तू आतच पडणार. ब्लेड मधोमध बसलेलं नसेल तरी तेच. फरक असा ओळख: त्रास धार लावल्यावर एकदम सुरू झाला असेल तर ब्लेड तपासून घे. महिनोन्‌महिने हळूहळू वाढत आला असेल तर बुटावर संशय घे. आणि अनवाणी, जमिनीवर, उजव्या पायावर उभी राहून गुडघा वाकवून बघ. तिथेही घोटा आत पडत असेल तर मग बाई, व्यायामच.

"किती महिने टिकायला हवेत?" असं विचारू नकोस. महिने मोजणं निरर्थक आहे. आठवड्यातून एकदा येऊन एज (ब्लेडच्या एका कडेवर सरकणं) आणि स्पिन (जागच्या जागी गिरक्या) करणाऱ्याचे बूट वर्षानुवर्षं चालतात. रोज डबल, म्हणजे हवेत दोन फेऱ्यांच्या जंप, मारणाऱ्याला वर्ष पुरेलच असं नाही, आणि तीन फेऱ्यांच्या ट्रिपल मारणारे त्याहून लवकर बदलतात. मी आता वहीत बर्फावरचे तास लिहिते, आणि दर महिन्याला टेबलावरची ती तपासणी करते.

एक चूक मात्र माझी पुन्हा करू नकोस. बूट गेल्याचं कळल्यावर मी सूड घ्यायला निघाल्यासारखी सगळ्यात ताठ जोडी घेतली. बनवणारे ताठपणाचा आकडा देतात, आणि तो बघताना मी मला येत असलेल्या जंप सोडून स्वप्नातल्या जंप मोजल्या. परिणाम? कळतं पण वळत नाही, ही म्हण माझ्या घोट्यांना अक्षरशः लागू पडली. घोटा वाकेना, म्हणून गुडघा वाकेना, म्हणून उतरतानाचा सगळा हादरा गुडघ्यात आणि पाठीत. आज जे येतं आणि पुढे लगेच जे शिकायचंय, तेवढ्यापुरताच ताठपणा घे. मापाला संध्याकाळी जा, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, आणि बर्फावर घालतेस तेच पातळ मोजे घालून. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघा वाकवल्यावर मागे यावीत, टाच मात्र जागची हलू नये. तापवून पायाच्या आकाराचे करता येत असतील तर करून घे. घोट्याचं हाड टोचत असेल तर तेवढी जागा आतून फुगवून देतात, सहन करत बसू नकोस.

ब्लेडमधे धार लावण्याइतकं पोलाद शिल्लक असेल तर तेच नव्या बुटांना लाव. आधी थोडेच स्क्रू घालून, एजवर चालवून, हवं तर ब्लेड किंचित सरकवून, मग बाकीचे स्क्रू. पहिले काही दिवस फक्त एज, मग स्पिन, जंप सगळ्यात शेवटी. आणि परीक्षेच्या तोंडावर हा उद्योग नको. जंपसाठी जुने आणि बाकी सगळ्यासाठी नवे, असं बरेच जण करतात. मला ते पटत नाही, पाय दोन्हीकडे परकाच राहतो. पण तुझं तू ठरव.

आणि हो, सराव संपल्यावर ब्लेड पुसून मऊ कव्हर घालतेस, ते चांगलं. पण इनसोल काढून वाळवतेस का? मागच्या वेळी तुझी बॅग उघडली तेव्हा आलेला वास मी मैत्रीखातर गिळला होता. हीटरजवळ मात्र ठेवू नकोस, कातडं तडकतं.

बाकीचं सविस्तर नंतर. आधी एवढंच कळव, टेबलावर ठेवल्यावर उजवा उभा राहिला की आडवा झाला?

तुझीच,
वर्षभर आडव्या बुटात उभी राहिलेली