मासे कमी, पाणी जास्त

नाशिक

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार. फोनवर हसलास ना, "मासे बघायला अमेरिका? रत्नागिरीला ये, जेटीवर फुकट दाखवतो" म्हणून? लेका, जेटीवरचे मासे मेलेले असतात. आणि खरं सांगू, मी तिथे निम्मा वेळ मासे बघितलेच नाहीत. उभा जन्म जलशुद्धीकरण केंद्रावर गेला, नजर पाण्यावरच जाणार.

पोरीने अटलांटाच्या जॉर्जिया अ‍ॅक्वेरियममध्ये नेलं. २००५ साली उघडलंय. त्यातल्या सगळ्यात मोठ्या टाकीत जवळजवळ २ कोटी ३८ लाख लिटर पाणी! आणि समुद्र तिथून ४०० किलोमीटर. आपण नाशिककर बरे, कसारा उतरलो की संध्याकाळपर्यंत चौपाटीवर. मग हे खारं पाणी आलं कुठून? तर गावच्याच नळाचं. त्यात मीठ कालवून समुद्र केलाय. लिटरला ३५ ग्रॅम धर. मी तिथेच बाकावर बसून हिशेब केला, आठशे टनांच्या वर मीठ लागतं. पोरगी म्हणे, "बाबा, वर बघा, मांटा गेला!" पाकटाचाच भाऊ तो, पण दोन पलंग जोडल्याएवढा रुंद.

गंमत बघ. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलाच पाहिजे, यासाठी मी आयुष्यभर लोकांच्या मागे लागलो. इथे मात्र पहिलं काम तो पार काढून टाकायचं, नाहीतर माशांचे कल्ले जळतात. वाळूच्या गाळण्या पाहून घरी आल्यासारखं वाटलं. त्यापुढचं मात्र आपल्याकडे नाही. पाण्यात बारीक बुडबुडे सोडतात, त्यांना चिकटून सगळी घाण डाळीच्या फेसासारखी वर येते आणि तो फेस काढून टाकतात. जंतू मारायला ओझोन वायू. माशांच्या विष्ठेचा, मुताचा विषारी अमोनिया जिवाणू खातात, आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. हे जिवाणू रुसले तर आख्खी टाकी गेली. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पुराचं पाणी आलं की गढूळ पाण्यापायी आमची झोप उडायची; इथे ती धास्ती बाराही महिने, आणि पाणी दिसायला नितळ असतानाही!

बघायची खिडकी ६१ फूट रुंद, २३ फूट उंच, जाडी दोन फूट. काच नाही, अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक. पाण्यातून प्रकाश वाकून येतो, म्हणून मासा असतो त्यापेक्षा जवळ आणि मोठा भासतो. व्हेल शार्क आला तेव्हा मात्र भासाची गरज नव्हती. अंगभर पांढरे ठिपके, तोंड दाराएवढं, आणि खातो काय, तर करंदीसारखा बारीक क्रिल. होडीतून डावाने वाढतात त्याला.

तिथेच माझं मन जरा खट्टू झालं. हे शार्क तैवानहून विमानाने आणले, आधी चार, मग २००७ मध्ये आणखी दोन. त्याच वर्षी पहिल्यातले दोन मेले. मी पाण्याची एवढी तारीफ करतोय, पण हजारो किलोमीटर भटकणाऱ्या जनावराला २८४ फूट लांबीची टाकी किती पुरणार? पोरगी म्हणाली, "पोरं हे बघूनच समुद्राची काळजी करायला शिकतात." तिचं म्हणणं खोडता आलं नाही, पटलंही नाही. बेलुगांच्या, म्हणजे पांढऱ्या देवमाशांच्या, टाकीसमोर तर मी थांबलोच नाही.

आता तुला विचारायचंय. आपल्याकडे २००१ पासून व्हेल शार्क मारायला बंदी आहे, आणि जाळं कापून त्याला सोडलं तर सरकार भरपाई देतं म्हणतात. तुमच्या बंदरावर कुणाला मिळाली का रे? की कागद जोडता जोडताच माणूस थकतो? जाळं कापताना तो मासा धडपडतो, की गप्प पडून राहतो? सविस्तर लिही, फोनवर तू तीन वाक्यांत उरकतोस.

वहिनींना नमस्कार. सुकट पाठवणार असशील तर डबा घट्ट बंद कर. मागच्या वेळी कुरियरवाला पार्सल उंबऱ्याबाहेर ठेवून पळाला होता.

तुझा,
सुऱ्या