कोर्तिना सोड, बेल्लुनोला उतर

पाडोवा,
रविवार

प्रिय बाळ्या,
स. न. वि. वि.

तू पाठवलेल्या, इटलीच्या डोंगरातल्या कोर्तिनाच्या हॉटेलांच्या लिंका काल जेवणं झाल्यावर एकेक उघडून पाहिल्या. फोटो फक्कड आहेत, वाद नाही. पण त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून तू जी खोली निवडली आहेस ती तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही, बाथरूम मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून एक, आणि बसथांब्यापासून रस्ता चढाचा. काकूंच्या गुडघ्यांचं काय करणार आहेस? शिवाय भाडं बघून माझेच डोळे पांढरे झाले. माझं ऐकशील तर कोर्तिना सोड आणि बेल्लुनोला उतर.

कोर्तिनावर माझा राग नाही. जागा देखणीच आहे. पण १९५६ साली तिथे हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हापासून ते पैसेवाल्यांचं गाव, आणि २०२६ च्या ऑलिंपिकने त्यावर आणखी वर्ख चढवला. मुख्य रस्त्याने दुकानांच्या काचांमधल्या स्वेटरच्या किमती वाचत फिरणं ही फुकटातली करमणूक आहे, पण एका दुपारची. पाच रात्री कशाला? आणि आगगाडी तिथवर जातच नाही. डोंगरातून जाणारी छोटी रेल्वे होती, ती १९६४ साली बंद पडली. तिच्या मार्गावर आता लोक सायकली चालवतात. म्हणजे प्रत्येक हालचालीला बस. बेल्लुनोहून आगगाडीने कालाल्त्सो आणि तिथून बस असं करून कोर्तिना एका दिवसात बघून परत येता येतं. वहिनींची हौस भागेल, तुझा खिसाही शाबूत राहील.

आता बेल्लुनो. वस्ती जेमतेम पस्तीस हजार, पण जिल्ह्याचं ठिकाण. म्हणजे दवाखाना, औषधांची दुकानं, सुपरमार्केट, बस, आगगाडी सगळं हाताशी, आणि पर्यटकांसाठी म्हणून वाढवलेले भाव कमी. प्यावे नदीला आर्दो नावाची छोटी नदी येऊन मिळते, त्या दोन पाण्यांच्या मधल्या खडकाच्या सोंडेवर जुनं गाव बसलंय. उंची समुद्रसपाटीपासून चारशे मीटरही नाही, तेव्हा दम लागायची भीती नाही. मागे मात्र डोलोमाइट डोंगररांगेचे सुळके थेट उभे. आपल्या सह्याद्रीचा कडा काळा, इथला फिक्कट, आणि संध्याकाळी त्यावर गुलाबी रंग चढतो. शियारा नावाचा डोंगर आहे, अडीच हजार मीटरच्या वरचा. त्याच्या खांद्यावर एक दगडी सुई उभी आहे, चौकातून मान वर केली की दिसते. हे सगळं बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून ‘डोंगर दिसणारी खोली’ या तीन शब्दांसाठी जास्तीचे युरो मोजू नकोस. अंगणात आलं की डोंगर आहेच.

खोली बघताना नकाशात आधी रेल्वे स्टेशन शोध. बेल्लुनोत बसचं स्थानकही त्याच चौकात आहे, आणि तिथून मुख्य चौक, म्हणजे मार्तिरी चौक, रमतगमत दहा मिनिटांवर. रस्ता जवळपास सपाट. या पट्ट्यातलं दोन किंवा तीन ताऱ्यांचं साधं हॉटेल बघ. नदीपलीकडची, गावाबाहेरची घरं स्वस्त दिसतात; ती गाडीवाल्यांसाठी आहेत. रात्रीच्या जेवणानंतर परतायला बस नाही आणि टॅक्सीचे पैसे दिले की दोन दिवसांत वाचलेलं सगळं गेलं. उद्या गाडी भाड्याने घ्यायची ठरवलीसच, तर जुन्या गावात शिरू नकोस, परवान्याशिवाय शिरणाऱ्यांना कॅमेरे टिपतात आणि दंडाची चिठ्ठी घरी येते. नदीकाठी लाम्बिओईला मोठा वाहनतळ आहे, तिथून सरकते जिने थेट कॅथीड्रलच्या चौकाजवळ वर आणून सोडतात. गाडी नसली तरी काकूंना ते जिने दाखव, खूश होतील.

तिघांसाठी एक खोली घे, तीन पलंगांची. डबल आणि सिंगल वेगळी घेतलीस तर सिंगलचा भाव नेहमीच मानगुटीवर बसतो. आरक्षण करण्याआधी ईमेलने तीनच गोष्टी विचार. लिफ्ट आहे का? बाथरूम खोलीतच आहे का? रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं असतं? छोट्या हॉटेलांत संध्याकाळी काउंटरवर कोणी नसतं, किल्ली एखाद्या पेटीत ठेवतात आणि पेटीचा आकडा आधी कळवतात. तुमचं विमान व्हेनिसला दुपारी उतरणार, तेव्हा पोचायला रात्र होईल हे आधीच लिहून कळव.

जाहिरातीत भाड्याखाली एक लांबलचक नंबर असतो, आयटी या अक्षरांनी सुरू होणारा. पर्यटकांना जागा देणाऱ्या प्रत्येकाला २०२५ पासून तो घ्यावाच लागतो आणि जाहिरातीत दाखवावाही लागतो. नंबर नसेल तर भाव कितीही गोड असो, त्या घराच्या नादी लागू नको. दुसरं, दर माणशी दर रात्री एक मुक्काम-कर असतो. तो बहुतेक वेळा वेबसाइटच्या आकड्यात धरलेला नसतो, हॉटेलात वेगळा द्यावा लागतो, आणि ताऱ्यांप्रमाणे वाढतो. पाच रात्री गुणिले तीन माणसं असा हिशेब आधीच धर, नाहीतर निघायच्या सकाळी तू काउंटरवर वाद घालशील आणि गाडी चुकेल. मी तुला ओळखतो. पासपोर्ट मागतील, घाबरू नको. आलेल्या पाहुण्यांची नावं चोवीस तासांत पोलिसांना कळवणं त्यांना बंधनकारक आहे.

नाश्ता भाड्यात असेल तरच हॉटेल घे. त्यातही फार अपेक्षा ठेवू नको. इटालियन माणूस सकाळी गोड खातो: कॉफी, क्रॉसाँसारखा पाव, टोस्ट, जॅम. डोंगरी भागात चीज, दही, उकडलेली अंडी मिळतात, हे त्यातल्या त्यात बरं. काकूंच्या पोह्यांची सोय करायची असेल तर हॉटेलचा विचार सोड आणि स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घे. हॉटेलच्या खोलीत कुकर लावायचा विचार मनातही आणू नको, धुराची सूचना देणारं यंत्र छताला असतं आणि ते पुणेरी फोडणी ओळखत नाही.

आता तारखा. तू ऑगस्टचा मधला आठवडा म्हणतोयस, तो सगळ्यात वाईट. पंधरा ऑगस्टला इथेही सुट्टी असते, फेर्रागोस्तो म्हणतात, आणि निम्मा देश डोंगरात नाहीतर समुद्रावर असतो. भाव चढलेले, खोल्या नाहीत, आणि दुपारनंतर डोंगरात विजा-पाऊस. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा घे. हवा स्वच्छ असते, गर्दी ओसरते, डोंगरातले निवारे, म्हणजे चालणाऱ्यांच्या मुक्कामाच्या जागा, अजून उघडे असतात. महिना संपत आला की ते बंद व्हायला लागतात आणि बसच्या फेऱ्याही कमी होतात. गणपती त्याच सुमारास आले तर वहिनींशी तू बोल, मी मध्ये पडणार नाही. ते जमत नसेल तर जूनचा शेवटचा आठवडा.

एक लक्षात ठेव, सप्टेंबरमध्ये बेल्लुनोत पायी चालणाऱ्यांची गर्दी असते. ब्राइएस तळ्यापासून निघणारी डोंगरवाट, आल्ता व्हिया क्रमांक एक, साधारण एकशेवीस किलोमीटर चालून बेल्लुनोत संपते. ती संपवलेली मंडळी पायाला फोड घेऊन इथे येतात आणि पहिली स्वस्त खोली पकडतात. म्हणून आरक्षण आताच कर, पण रद्द करता येईल असंच. व्हिसाचा निकाल लागेपर्यंत पैसे अडकवू नकोस. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या, अर्जाला मुक्कामाची आरक्षणं आणि तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतोच. फी मोठ्या माणसाला नव्वद युरो. सगळ्यात जास्त रात्री इटलीत आहेत तेव्हा अर्ज इटलीकडेच कर. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो घेतात.

व्हेनिसहून येताना विमानतळावरून बसने मेस्त्रे स्टेशन, तिथून आगगाडी, बहुतेक कोनेल्यानोला बदलून. एकूण अडीच ते तीन तास धर. ही लोकल धाटणीची गाडी आहे, तिचं भाडं अंतरावर ठरलेलं, आधी काढलं म्हणून स्वस्त होत नाही, त्यामुळे घाई नको. कागदी तिकीट काढलंस तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घे. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच, आणि तपासनीस ‘आम्ही परदेशी’ हे गाणं ऐकून घेत नाही. बसच्या वेळापत्रकात मात्र डोळ्यांत तेल घालून बघ: ‘फेरियाले’ म्हणजे कामाचे दिवस, शनिवार धरून, ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सुट्टी, आणि ‘स्कोलास्तिको’ लिहिलेली बस फक्त शाळा चालू असताना धावते. रविवारी लांबचा बेत ठेवूच नको. त्या दिवशी गावातच फिरा.

खाण्याचं सांगतो, कारण काकूंमुळे तोच खरा प्रश्न. या भागात ‘कासुन्झिएई’ नावाचा पदार्थ मिळतो: पातळ पोळीच्या अर्धचंद्रात बीटाचं सारण, वरून लोणी आणि खसखस. करंजीचा गोरा मावसभाऊ समज. मांस नसतं, पण पाटीवर वाचून, विचारून घ्या. मक्याच्या पिठाची पोलेंता आणि त्यावर तव्यावर परतलेलं ताजं चीज, त्याला ‘स्किझ’ म्हणतात, हे पोटभरीचं. लामोनचा घेवडा प्रसिद्ध आहे, पण त्याच्या सूपमध्ये डुकराची चरबी असण्याची शक्यता दाट, म्हणून ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगून थांबू नको, रश्शाचंही विचार. दुपारी दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी सातपर्यंत. मधल्या वेळेसाठी सुपरमार्केटमधून फळं, ब्रेड आणून ठेव. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही रक्कम दिसेल, ती फसवणूक नव्हे, टेबलाचे पैसे. कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायली की स्वस्त. आणि आइस्क्रीमला नाही म्हणू नका. जर्मनीभर ज्यांनी इटालियन आइस्क्रीमची दुकानं थाटली ती माणसं इथल्याच झोल्दो आणि कादोरेच्या खोऱ्यांतली. लाँगारोनेत १९५९ पासून आइस्क्रीमचं मोठं प्रदर्शनही भरतं.

लाँगारोनेला मात्र दुसऱ्या कारणासाठी जा. बेल्लुनोहून आगगाडीने थोडाच वेळ. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री त्याच्या वरच्या अंगाला, वायोंतच्या धरणात तोक डोंगराची अख्खी कूस घसरून पडली, सव्वीस कोटी घनमीटरच्या आसपास दगडमाती. पाणी भिंतीवरून उसळून खाली आलं आणि काही मिनिटांत गाव पुसलं गेलं. एकोणीसशेच्या वर माणसं गेली. तुमच्या घरी पानशेतच्या, १२ जुलै १९६१ च्या गोष्टी लहानपणी ऐकल्या आहेत मी, काकूंच्या तोंडूनच. तिथे धरण फुटलं. इथे भिंत फुटली नाही. २६१ मीटर उंचीची ती भिंत आजही जशीच्या तशी उभी आहे, मागे पाण्याऐवजी डोंगर. डोंगर हलतोय हे धरणाच्या कंपनीला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून मला ते नुसतं निसर्गाचं संकट वाटत नाही. काकूंना न्यायचं की नाही ते तू ठरव. गावातून मान वर केली की दरीच्या तोंडाशी भिंत दिसते, तेवढंही पुरे होईल त्यांना.

तुझ्यासाठी एक वेगळा दिवस ठेव. वहिनी आणि काकू गावात बाजार करतील, तू काझे बोर्तोतपासून आर्दोच्या खोऱ्यातून चढून ‘सेत्तिमो आल्पिनी’ निवाऱ्यापर्यंत जा. निवारा सुमारे पंधराशे मीटरवर, शियाराच्या पायथ्याशी; चढ सातआठशे मीटरचा, तीन तास धर. राजगड केलेल्या माणसाला अवघड नाही, पण तेव्हा आपण पंचवीस वर्षांचे होतो हेही आठव. तिथून पुढे लोखंडी दोरांचा रस्ता सुरू होतो, तिकडे फिरकू नको. परतायचं नसेल तर रात्रीचं जेवण, झोप आणि नाश्ता मिळून एकच भाव असतो, फक्त चादरीची पिशवी स्वतःची न्यावी लागते.

तिघांच्या खोलीला नाश्त्यासकट रात्रीचे एकशेवीस युरो ही वरची मर्यादा ठेव. त्यात बसेल असं मिळालं नाही तर फेल्त्रे बघ, बेल्लुनोहून पाडोवाकडे येणाऱ्या रेल्वेमार्गावर अर्ध्या तासावर. तारखा नक्की केल्यास की कळव. हॉटेलला मी इटालियनमध्ये फोन करून लिफ्टचं विचारतो. ईमेलवर ‘हो’ म्हणतात आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्यापासून सुरू होते, असंही होतं.

काकूंना शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
दाद्या

ता. क. : खोलीत चहाची किटली बहुधा नसते. प्रवासी किटली आण, आणि प्लगचा अ‍ॅडॅप्टर पुण्यातच घे. आपल्या जाड पिना इथल्या भोकांत जात नाहीत. बाथरूममध्ये जेट नसेल, पण बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं बुटकं भांडं, असेल. १९७५ च्या सरकारी हुकमापासून इटलीत प्रत्येक घरात तो बसवावाच लागतो, आणि हॉटेलांतही सहसा असतोच. काकूंना आधी सांगून ठेव, नाहीतर त्यात पाय धुतील. तसं धुतले तरी काही बिघडत नाही म्हणा.