कुलूप बदलून भाडेकरू जात नाही

महोदय,

बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागात एका घरात तीन-चार बिऱ्हाडे, नळ आणि संडास सामायिक, असे चित्र नेहमीचे. त्यात एखादा भाडेकरू दांडगाई करू लागला की घरमालक आधी लाइट तोडतो, नाहीतर कुलूप बदलतो. हे अंगाशी येते. कायदा डावलून बाहेर काढलेला भाडेकरू १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. तिथे घर कुणाच्या मालकीचे, हा प्रश्नच गौण ठरतो.

खरी गोम करारात असते. बाँडवर भाडे, डिपॉझिट आणि अकरा महिने एवढेच लिहिलेले असते. पाण्याची पाळी, जिन्यात सामान ठेवणे, रात्री दहानंतरचा आवाज, पाहुणा किती दिवस राहील, यांतले काहीच नसते. ते लिहावे आणि त्याखाली 'अट मोडल्यास लेखी नोटीस देऊन करार संपवून ताबा घेण्याचा मालकाला हक्क राहील' हे वाक्य हवेच. ते नसेल तर नुसती अट मोडली म्हणून मुदतीआधी करार संपवता येत नाही. करार कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर भाडेकरूला वाचता येईल अशा भाषेतली प्रतही जोडून सही घ्यावी. नाहीतर 'मला कळलेच नव्हते' हे ठरलेले उत्तर येते.

शेजारच्या बिऱ्हाडांची तक्रार तोंडी ऐकून सोडू नये. तारीख, वेळ आणि काय घडले ते लिहून सही घ्यावी. पुढे साक्षीदार तेच. मारहाण किंवा धमकी असेल तर मात्र नोटिशीची वाट न पाहता ११२ नंबरला फोन लावावा.

अकरा महिने संपले म्हणून पोलीस खोली रिकामी करून देत नाहीत, त्याला कोर्टाचाच हुकूम लागतो. मुदतीनंतर महिन्याच्या भाड्यावर राहू दिले असेल आणि करारात वेगळे ठरले नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस द्यावे लागतात. ती पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावी. जुनी, कमी भाड्याची खोली असेल तर १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा लागू होतो का, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावे.

आणि नोटिशीची मुदत संपली की भाडेकरू हटकून फोनपेवर पुढच्या महिन्याचे भाडे टाकतो. ते गुपचूप ठेवून घेतले तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम ११३ खाली नोटीसच सोडून दिली असा अर्थ निघू शकतो. पैसे परत करावेत, नाहीतर 'भाडे म्हणून नव्हे, वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून घेतले' असे त्याच दिवशी लेखी कळवावे.

— एक घरमालक, शहापूर, बेळगाव