करोल बागेतील काकूंस जाहीर आभारपत्र

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दिल्लीला आलो, तेव्हा आपण आणि काकांनी आमच्यासाठी जे केले त्याबद्दल फोनवर आभार मानून झाले आहेत. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण लहान मुलांना घेऊन दिल्ली पाहण्याची जी रीत आपण आम्हाला घालून दिली, ती आमच्यासारख्या इतर आईवडिलांच्याही उपयोगी पडावी असे वाटते. आपले नाव कोठेही छापू नये, असे आपण बजावले होते. ते पाळले आहे.

मावसबहिणीच्या सासरच्या ओळखीने आपला क्रमांक मिळाला, तेव्हा आपले कुटुंब मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले असून काकांचा करोल बागेत गलाईचा, म्हणजे सोनेचांदी वितळवून शुद्ध करण्याचा, व्यवसाय आहे, एवढेच मला माहीत होते. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातले गलाई करणारे लोक देशभरातल्या शहरांत स्थिरावले आहेत आणि गावाकडचे कोणी आले की त्यांचे घर उघडे असते, हे ऐकून होते. मी आपल्याला फक्त उतरण्याच्या जागेविषयी विचारले होते. आपण मात्र उलट मलाच विचारले की मुले केवढी आहेत, दुपारी झोपतात का आणि धाकट्याला अजून कडेवर घ्यावे लागते का. मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा असल्याचे कळल्यावर आपण आमची यादी मागवून घेतलीत आणि तिच्यातली निम्मीअधिक ठिकाणे खोडून टाकलीत.

यादीतून सर्वांत आधी आग्रा गेले. डिसेंबरअखेरच्या धुक्यात मुलांना पहाटे उठवायचे, दोनशेहून अधिक किलोमीटर जायचे आणि रात्री तसेच परतायचे, हे आपल्याला मुळीच मान्य नव्हते. “ताजमहाल काही पळून जात नाही, मुलगी पाचवीला गेली की या,” असे आपण म्हणालात आणि विषय तिथेच संपवलात. त्यानंतर वार लावून दिलेत: लाल किल्ला आणि रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद असतात, हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार मात्र उघडे असतात, म्हणून सोमवार हुमायूनला द्यायचा. दिवसाला एकच मोठे ठिकाण, सकाळी धुके विरल्याशिवाय बाहेर पडायचे नाही आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटण्याआधी मेट्रोतून घरी परतायचे, हा आपला नियम. मोठ्या माणसांना तो सुस्तपणाचा वाटेल, पण त्यामुळे आमच्या मुलांनी दिल्लीत रडारड जवळजवळ केलीच नाही, याचे श्रेय पूर्णपणे त्या नियमाला आहे.

मेट्रोचा आपला एक सल्ला तर मी भेटेल त्याला सांगते. करोल बागेहून लाल किल्ल्याला जाताना बहुतेक लोक राजीव चौकात गाडी बदलतात आणि तिथल्या गर्दीत मुलांचा हात सुटेल की काय, अशी धास्ती कायम असते. आपण आम्हाला त्याच निळ्या मार्गावरून आणखी पुढे मंडी हाउसपर्यंत जायला लावलेत आणि तिथून जांभळ्या मार्गाने थेट लाल किल्ला स्थानकावर उतरवलेत. शिवाय दोन्ही मुलांच्या स्वेटरच्या आतल्या बाजूला आपला फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचून ठेवलीत आणि चुकामूक झाली तर आहे तिथेच उभे राहायचे, हे त्यांच्याकडून घोकून घेतलेत. ती चिठ्ठी वापरण्याची वेळ आली नाही, पण ती तिथे आहे म्हणून मला निवांतपणे वर मान करून इमारती पाहता आल्या.

लाल किल्ल्यात काका आमच्याबरोबर आले, हे आमचे भाग्य. शाहजहानने १६३९ ते १६४८ या काळात बांधून घेतलेल्या या किल्ल्यात लहान मुलांना नेमके काय दाखवायचे, हा प्रश्नच असतो, कारण महाल रिकामे आहेत आणि फलकांवरचा मजकूर त्यांच्यासाठी नाही. काकांनी लाहोरी दरवाजातून आत शिरल्यावर छत्ता चौकातल्या दुकानांपाशी मुलांना मनसोक्त रेंगाळू दिले आणि मग दिवाण-ई-खास या बादशहाच्या खास दरबाराच्या दालनापाशी नेऊन बसवले. नादिरशाहाच्या लुटीनंतरही तिथल्या छतावर उरलेली चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याचा खर्च भागवण्यासाठी उतरवून घेतली आणि तिची नाणी पाडली, हे मी शाळेत कधीतरी वाचले होते. पण चांदी वितळवण्यात ज्याचा जन्म गेला अशा माणसाच्या तोंडून तेच ऐकणे फार वेगळे होते. छतावरून काढलेल्या पत्र्याचे तुकडे कसे करावे लागले असतील, मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, किती माल मावतो, टाकणखार नावाचा क्षार त्यात कशासाठी घालतात आणि चांदीला वितळायला ९६१ अंश उष्णता लागते म्हणजे भट्टीत हवा किती फुंकावी लागत असेल, हे सारे त्यांनी मुलीला असे समजावले की पानिपताआधीची मराठी फौजेची पैशांची ओढाताण मलाही प्रथमच नीट कळली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तिला दुकानाच्या उंबऱ्यावर उभे करून मुशीतली चांदी साच्यात ओतताना दाखवली. किल्ला तिला किती आठवेल, सांगता येत नाही. ती लाल झालेली मूस ती विसरणार नाही.

किल्ल्यासमोरच्या जैन लाल मंदिराच्या आवारातले पक्ष्यांचे रुग्णालय हीसुद्धा आपलीच सूचना. पतंगाच्या मांजाने जखमी झालेली कबुतरे पाहून धाकटा बराच वेळ गप्प उभा होता. शाकाहारी पक्ष्यांना तिथे दाखल करून घेतात आणि घारी-ससाण्यांवर मात्र उपचार करून लगेच पाठवून देतात, हे कळल्यावर घारींची बाजू घेऊन मुलीने काकांशी घातलेला वाद आपण ऐकायला हवा होता. चांदणी चौकाचा मुख्य रस्ता दिवसभर मोटारींना बंद असतो, त्यामुळे तिथून फतेहपुरी मशिदीपर्यंत सायकलरिक्षाने जाणेही मुलांसह जमले. जिलबीच्या दुकानात जास्त वेळ गेला, हे खरे.

हुमायूनच्या कबरीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिते, कारण तो दिवस मला सर्वांत आवडला. साधारण १५७० च्या सुमारास पूर्ण झालेली ही इमारत उंच चौथऱ्यावर उभी आहे आणि वर जाणारे जिने चांगलेच उभे आहेत. “एकाने मुलीला घेऊन वर जायचे, दुसऱ्याने धाकट्याला घेऊन खाली पाण्याच्या पाटांशी बसायचे, मग अदलाबदल,” असे आपण आदल्या रात्रीच ठरवून दिले होते. चार भागांत आखलेल्या तिथल्या चारबागेतले ते अरुंद दगडी पाट म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला मिळालेली आखीव वाट होती. त्यांच्या कडेकडेने तो जेवढे चालला तेवढे एरवी कधी चालत नाही. १८५७ मध्ये बहादूरशाह जफरला इंग्रजांनी इथेच पकडले, हे मी वर उभी असताना मुलीला सांगितले, परंतु तिला घुमट जास्त महत्त्वाचा वाटला आणि तिचे बरोबर होते. मला स्वतःला प्रवेशद्वाराजवळची, १५४७ च्या आसपासची ईसा खान नावाच्या सरदाराची अष्टकोनी कबर मुख्य इमारतीपेक्षाही अधिक जिव्हाळ्याची वाटली. घाईतले प्रवासी तिला वळसा घालून पुढे जातात, ते बघून नवल वाटते.

नंतर शेजारच्या सुंदर नर्सरीत जायचे आणि डबा तिथेच सोडायचा, ही आपली आज्ञा. २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही बाग सुमारे ९० एकरांची आहे आणि तिच्यात सोळाव्या शतकातल्या लहान कबरी व मंडप झाडांमधून उभे आहेत. आपण बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही उन्हात चादर पसरून खाल्ली, धाकटा तिथेच झोपला आणि मुलगी गवतावर खेळत राहिली. एवढा वेळ बसण्यासाठी दिल्लीला यायचे का, असे कोणी विचारील. हिवाळ्यातल्या उन्हात बसणे हाच दिल्लीकरांचा मुख्य उद्योग आहे, असे आपण हसत म्हणाला होतात आणि आजूबाजूला पाहता ते पटले.

कुतुबमिनारावर जाण्याआधी “आत चढता येत नाही” हे मुलांना घरीच सांगून टाका, असे आपण सुचवले होते. १९८१ मधल्या चेंगराचेंगरीनंतर तो आतून बंद आहे. ते आधी माहीत असल्यामुळे मुलीने तिथे हट्ट केला नाही. ७३ मीटर उंचीखाली उभी राहून तिने मजले मोजले आणि आम्ही तासाभरात निघालो. चाणक्यपुरीतल्या रेल्वे संग्रहालयात मात्र पूर्ण दिवस गेला. एक चाक रुळावर आणि दुसरे रस्त्यावर ठेवून चालणारी पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी, आवारात फिरवून आणणारी लहान आगगाडी आणि आपल्या माथेरानच्या गाडीचे जुने इंजिन यांच्यामध्ये धाकट्याने इतक्या फेऱ्या मारल्या की त्याला उचलूनच बाहेर आणावे लागले.

त्याच रात्री त्याला ताप भरला. आपण रात्री गुरगुट्या भात घेऊन आलात, सकाळी ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलेत आणि तो दिवस आपल्या घरच्या गच्चीत काढायला लावलात. दिल्लीची हिवाळ्यातली हवा लहान मुलांना सोसवत नाही, हे आपण पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितले होते आणि शाळेची सुट्टी आड येत नसेल तर फेब्रुवारीअखेर यावे, असेही म्हटले होते. हे पत्र वाचून कोणी बेत आखत असेल, तर त्यांनी आपला तो सल्ला आधी विचारात घ्यावा.

काकू, एवढे सगळे करून आपण निघताना माझीच ओटी भरलीत. उन्हाळ्यात गावच्या यात्रेला आपण सहकुटुंब याल, तेव्हा जाता-येता पुण्यात आमच्याकडे मुक्काम करावा, अशी आम्हा दोघांची आग्रहाची विनंती आहे. गाडीची तारीख कळवावी. स्टेशनवर आम्ही येऊ. काकांना आमचा नमस्कार सांगावा आणि घारींच्या बाबतीत मुलगी अजून आपल्या मतावर ठाम आहे, हेही.

आपली कृतज्ञ,
पुण्याहून आलेली दोन मुलांची आई