दिवाळीला गाडी आणू नका

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण तिघं एकदमच बोलायला लागतो आणि मग आई "जेवलीस का" विचारून ठेवून देते, म्हणून लिहायला बसले.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "डाउन पेमेंट मी भरतो, पण दारात गाडी घे. दोघंही इंजिनियर, आणि पोरीला घेऊन रिक्षाला हात करत उभे राहता." मी तडकले, ते चुकलंच. रात्री आजोबांची ती गोष्ट आठवली. त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि साताऱ्याला न्यायला जीप मिळेपर्यंत दोन तास गेले. तुम्ही वाईत गंगापुरीतून ब्राह्मणशाहीपर्यंत दारं वाजवत हिंडलात. आजोबा वाचले, पण त्या रात्रीनंतर तुम्ही गाडीसाठी फंडातून उचल घ्यायचं ठरवलंत, हे आईनं मला खूप नंतर सांगितलं.

1983च्या डिसेंबरात पहिली मारुती 800 रस्त्यावर आली, तेव्हा तुम्ही चेतकचा नंबर लागायची वाट बघत होतात. आपल्या दारात मारुती आली 1996 साली, पांढरी. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, आळीभर पेढे. पहिल्याच रविवारी पसरणीचा घाट चढून पाचगणी. पुढच्या सीटवर आजी डोळे मिटून, देवाचं नाव घेत. त्याआधी मी चेतकवर तुमच्या पुढ्यात उभी आणि दादा तुम्हां दोघांच्या मध्ये चेपलेला. मारुतीत पहिल्यांदा मला स्वतःची खिडकी मिळाली. गाडी म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हा मला गाडीचं मोल नाही, असं काही मनात आणू नका.

पण आमच्याकडे होती ती गाडी काय करायची? पार्किंगमध्ये उभी असायची. हप्ता चौदा हजार, वर विमा, सोसायटीचं पार्किंग, पीयूसी. पावसाळ्यात पंधरा दिवस हलवली नाही, तर उंदरांनी वायरी कुरतडल्या. मेकॅनिकनं बॉनेट उघडून आत साठवलेली भुईमुगाची टरफलं दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्यापेक्षा हेच जास्त वापरतात गाडी." महिन्याभरात बॅटरी बसली. पुढे मार्च 2024ला पुण्याची मेट्रो रूबी हॉलच्या पुढे रामवाडीपर्यंत गेली. आमच्या घरापासून आनंदनगर स्टेशन सात मिनिटं चालत, ऑफिस कल्याणीनगरच्या स्टेशनला लागून. गाडीनं जाताना कर्वे रस्त्यावरच माझं डोकं उठायचं. आता नळ स्टॉपचा सिग्नल वरून बघते आणि खरं सांगते, थोडा दुष्ट आनंद होतो. दसऱ्याच्या आधी गाडी विकून टाकली. ईराची शाळा चालत जाण्यासारखी आहे, भाजी कोपऱ्यावर मिळते.

सगळं गोडगोडच आहे, असंही नाही. गेल्या जुलैत ईराला रात्री एकशेतीन ताप चढला. बाहेर धो धो पाऊस, ॲपवर दोन कॅब आल्या आणि दोन्ही रद्द झाल्या. निखिल चौकात भिजत उभा होता, एकही रिक्षावाला थांबेना. शेवटी वरच्या मजल्यावरचे काका त्यांची गाडी घेऊन खाली आले. मागच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा तुमचीच आठवण आली. त्या रात्रीचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. काकांचा नंबर तेवढा वर पिन करून ठेवलाय.

आणि आम्ही काही फार मोठं करतोय, असा माझा गैरसमज नाही. ऑफिसातल्या पोरांपैकी एकानं तर लायसन्ससुद्धा काढलेलं नाही, आणि "मी गाडी घेणारच नाही" असं अगदी ब्रीदवाक्यासारखं सांगतो. मला हसू येतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या जेमतेम आठ घरांत चारचाकी होती. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आयुष्यभर बसनं फिरल्या, त्यांचं कुणी कौतुक केलं नाही. ज्याला गाडी परवडते त्यानं ती सोडली की तो त्याचा विचार ठरतो, बाकीच्यांची ती गरज. शिवाय दादानं गेल्याच वर्षी केवढी मोठी गाडी घेतली! तेव्हा "आजकालची पिढीच अशी" असं मला फारसं सांगू नका.

आता आईचं. आई, तू चिडू नकोस, पण मी सांगणार आहे. बाबा, मार्च 2023पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि त्यानंतर आई तीनदा एकटी फलटणला मावशीकडे जाऊन आली. तुम्हाला वाटलं शेजारच्या काकू बरोबर होत्या. नव्हत्या. सत्तावीस वर्षं ती तुमच्या शेजारच्या सीटवर बसली आणि तुम्हाला सवड असेल तेव्हाच माहेरच्या माणसांना भेटली. मला फोनवर म्हणाली, "खिडकीची जागा मिळाली गं, आणि परत कधी निघायचं ते कुणी विचारलं नाही." तुम्ही कधी अडवलं नाहीत, हे मला माहीत आहे. पण गाडीची किल्ली तुमच्या खिशात होती.

तुम्हीही एसटीला नाकं मुरडू नका. पासष्ट झाल्यापासून तुम्हाला अर्धं तिकीट आहे आणि तुम्ही एकदाही कार्ड दाखवलेलं नाही. येत्या चैत्रात पंचाहत्तर पूर्ण झाली की पूर्ण मोफत. "फुकटात कोण जातं" म्हणाल, म्हणून आधीच सांगते: चाळीस वर्षं टॅक्स भरलाय तुम्ही, आता बसा ऐटीत.

तर या दिवाळीला गाडी आणू नका. वाईत खुशाल चालवा, बाजारात जा, मेणवलीला जा. पण येताना बोगदा आणि जाताना संध्याकाळचा खंबाटकी, ट्रकचे दिवे, आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तुम्ही अजून पुढे ढकलताय. नऊची स्वारगेट गाडी धरा. स्टँडशेजारीच मेट्रोचं भुयारी स्टेशन आहे. मंडई, कसबा पेठ, मग सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. तिथला सरकता जिना इतका खोल आहे की आई देवाचं नाव घेईल, तिचा हात धरा. मी आणि ईरा स्वारगेटलाच घ्यायला येऊ. पिशव्या दोनच आणा, चकल्यांचा डबा आईनं मांडीवर घ्यावा.

आणि गेटच्या खांबाला गाडी घासली, ते मला कळलंय. कुणी सांगितलं, ते विचारू नका.

तुमची,
मनू