एआयच्या विषयात मार्क फाईलला देताय की समजेला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एआयमुळे कोणाकोणाच्या नोकऱ्या जाणार हे पेपरात रोज छापून येतं, पण तोच एआय कॉलेजात शिकवतात कसा आणि त्याची परीक्षा घेतात कशी यावर कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र. मी बडोद्यात दांडिया बाजारात गणिताच्या ट्यूशन घेते. इंजिनिअरिंग आणि बीएस्सीची पोरं आधीपासून येतातच, आता नवीन शिक्षण धोरणामुळे कॉमर्सचीही यायला लागलीत, कारण दुसऱ्या शाखेचा विषय घ्यायचा म्हणून त्यांनी एआयची ओळख करून देणारा पेपर घेतलेला असतो. का घेतला विचारलं तर म्हणतात, ताई, मार्कशीटवर भारी दिसतं ना.

घ्या की, माझी काही हरकत नाही. पण फॉर्म भरताना त्यांना कोणीतरी सांगा ना की या विषयाला प्रोबॅबिलिटी म्हणजे शक्यतांचं गणित लागतं, थोडं लॉजिक लागतं, मॅट्रिक्स लागतात आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत निदान एक लूप स्वतःच्या हाताने लिहिता आला पाहिजे. माझ्याकडे एका मुलीने सिलॅबस आणला होता, त्यात प्रिरिक्विझिटच्या, म्हणजे आधी काय यायला हवं त्या, रकान्यात चक्क आडवी रेघ! मग तिसऱ्या आठवड्यात बेझचा नियम (नवी माहिती हाती आली की शक्यता नव्याने कशी मोजायची तो) येतो आणि बारावीनंतर प्रोबॅबिलिटीचं तोंड न पाहिलेली पोरगी माझ्याकडे रडत येते.

आता परीक्षेचं बघा. इंटर्नलचे मार्क फाईलवर. फाईल म्हणजे काय तर स्पायरल बाइंडिंग, रंगीत कव्हर, दहाबारा प्रॅक्टिकल आणि त्यांचे आउटपुट. एका पोराच्या फाईलीतल्या स्क्रीनशॉटमध्ये वरच्या कोपऱ्यात भलत्याच पोराचं नाव दिसत होतं, तरी खाली सरांची सही आणि पैकीच्या पैकी. त्याच फाईलीत वॉटर जगचं प्रॅक्टिकल होतं, म्हणजे एक जग ४ लिटरचा, एक ३ लिटरचा, मोठ्या जगात बरोबर २ लिटर पाणी आणायचं. प्रोग्रॅम व्यवस्थित चालत होता. मी म्हटलं आता जग ६ आणि ४ लिटरचे कर आणि ३ लिटर आणून दाखव. त्याने आकडे बदलले, रन केलं, आणि स्क्रीनकडे बघत बसला. चालूच आहे, चालूच आहे. दोन्ही जग सम आकड्यांचे, कितीही ओता आणि भरा, ३ कधीच येणार नाहीत, हे त्याला सुचलं नाही ते एकवेळ सोडा, पण प्रोग्रॅम थांबत का नाही हेही सांगता येईना. एकदा बघून झालेली स्थिती पुन्हा तपासायची नाही म्हणून जी यादी ठेवतात ती त्या कोडमध्ये नव्हतीच. पाच मिनिटांत कळलं की याला सर्च, म्हणजे एकेक पायरी तपासत उत्तर शोधणं, कळलेलाच नाही. सहीवाल्या सरांकडे ही पाच मिनिटं नव्हती?

लेखी पेपरची तऱ्हा वेगळी नाही. झेरॉक्सच्या दुकानात आयएमपी प्रश्नांचा गठ्ठा मिळतो, त्यात ए-स्टारसाठी, म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता शोधायच्या पद्धतीसाठी, हमखास तोच पुस्तकातला रुमानियाचा नकाशा, अराडहून बुखारेस्टला जायचं, उत्तर ४१८. पोरांना ४१८ पाठ असतं! अहो, बडोद्याचा नकाशा द्या ना. स्टेशनहून मांडवीला जायचंय, ए-स्टारला उरलेल्या अंतराचा अंदाज लागतो, तो म्हणून सरळ रेषेतलं अंतर घ्या. विश्वामित्री ओलांडायची तर पुलावरूनच जावं लागणार, काळा घोडा, कोठी, रावपुरा असं करत वळणं घेत जाणार, म्हणजे रस्ता सरळ रेषेपेक्षा लांबच भरणार, अंदाज कधी खऱ्या अंतराच्या वर जाणार नाही, आणि म्हणूनच ए-स्टार सगळ्यात जवळचा रस्ता चुकवत नाही. रोज स्कूटीवर त्या रस्त्याने येणाऱ्या पोरीला हे एकदा दाखवलं की परत सांगावं लागत नाही.

पण मला सगळ्यात जास्त राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं आणि असाइनमेंट घरून लिहून आणायला सांगण्यात काही अर्थ उरला नाही, हे कबूल. त्यावर एका कॉलेजने (नाव घेत नाही) उपाय काय काढला तर असाइनमेंट सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, ते म्हणालं की एआयने लिहिलंय की मार्क शून्य. पोरांचं काही ऐकून घेणं नाही. आता चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनेच २०२३ च्या जानेवारीत असं ओळखणारं सॉफ्टवेअर काढलं होतं. त्यांनीच दिलेले आकडे असे की मशीनने लिहिलेल्या मजकुरातला फक्त २६ टक्के पकडला जायचा आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर उगाच शिक्का बसायचा. जुलैत त्यांनी ते बंदही केलं, अचूकता कमी आहे म्हणून. समजा वर्गात १०० पोरं आहेत, त्यातल्या २० जणांनी एआयकडून लिहून घेतलं. त्या हिशोबाने चोर सापडणार ५ आणि उरलेल्या ८० साध्यासुध्या पोरांतली अडकणार ७! दुसरी सॉफ्टवेअरं याहून बरी असतील, पण हिशोब तर असाच मांडायचा ना, आणि हाच तो बेझचा नियम, जो हीच सर मंडळी फळ्यावर शिकवतात. स्वतःच्या सिलॅबसचा युनिट स्वतःलाच लावता येत नसेल तर काय बोलायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येकाला पाच मिनिटं कॉम्प्युटरसमोर बसवा आणि त्याच्याच कोडमध्ये एक बदल करायला सांगा. कोड कुठून आणला ते विचारूच नका, मित्राकडून आणला असेल, चॅटजीपीटीकडून आणला असेल, बदलता आला आणि का बदलला ते सांगता आलं तर मार्क द्या. वेळ नाही म्हणतात, पण २० जणांची बॅच धरली तर १०० मिनिटं होतात, म्हणजे दोन तासांचं एक प्रॅक्टिकल. सेमिस्टरमध्ये असं दोनदा केलं तरी कोण पाण्यात आहे आणि कोण काठावर ते कळतं. आणि हो, ही व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा इंग्रजीतच पाहिजे हा हट्ट सोडा. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी याच गावात कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली, तेव्हा त्याचे पहिले प्रिन्सिपल गज्जर यांचा आग्रह होता की तांत्रिक शिक्षण मुलांच्या भाषेत द्यावं. आपल्याला आज एवढंही जमू नये? पोरगं गुजरातीत किंवा मराठीत नीट समजावून सांगत असेल तर सांगू दे की.

लेखी परीक्षा ठेवा, फाईलही ठेवा हवी तर, पण इंटर्नलचे निम्मे मार्क या व्हायवाला द्या, आणि विषय घेण्याआधी काय काय यायला पाहिजे ते फॉर्मवरच छापा. आणि ज्या पोरांचे मार्क नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर कापलेत, त्यांना रिझल्ट लागायच्या आत एकदा तरी समोर बोलवून विचारा.

आपली,
एक ट्यूशनवाली ताई
दांडिया बाजार, बडोदा