लिंबूटिंबू न ठेवणाऱ्या प्रोफेसरदादाला

प्रिय प्रोफेसरदादा,

वयाने तू मला धाकट्या भावासारखा. त्यामुळे वर 'सप्रेम नमस्कार' लिहावं की 'अनेक आशीर्वाद', यात माझे दोन दिवस गेले. शेवटी लेकीने तुला ठेवलेलं नावच लिहिलं. 'प्रोफेसर' ऐकून पहिले तीन आठवडे मी तुला विद्यापीठात शिकवणारा समजत होते आणि येता-जाता 'सर, सर' करत होते. तूही बिचारा काही बोलला नाहीस. पोकेमॉन कार्डांच्या खेळात ऑनलाइन परीक्षा देऊन, हौसेने स्पर्धा भरवणाऱ्या आणि पंच होणाऱ्या माणसाला 'प्रोफेसर' म्हणतात, हे मला सात वर्षांच्या मुलीने कपाळावर हात मारून सांगितलं. तू स्वतःच अजून शिकतो आहेस, हे त्याच्याही नंतर कळलं.

आता शिक्षण संपवून तू नोकरीसाठी ऑस्टिनला चाललास. निरोपाच्या शनिवारी, तू स्पर्धा भरवायचास त्या कार्डांच्या दुकानात इतकी गर्दी होती की मला दोन वाक्यं धड बोलता आली नाहीत. म्हणून हे पत्र. आणि ते उघड अशासाठी, की इथल्या, सिॲटलच्या आपल्या मराठी घरांतून मला हल्ली सारखी विचारणा होते: "त्या दुकानात लहान मुलांना नेलेलं चालतं का गं? मोठी माणसं नीट वागतात का?" प्रत्येकीला फोनवर तीच कथा सांगण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

आपण राहतो तो भागही गमतीचा. 'मॅजिक द गॅदरिंग' हा कार्डांचा दुसरा खेळ काढणारी विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनी इथून जवळच, रेंटनला. पोकेमॉन कंपनीचं अमेरिकेतलं ऑफिस बेलव्ह्यूला. १९९९ साली पोकेमॉनची इंग्रजी कार्डं पहिल्यांदा बाजारात आली तीही विझार्ड्सनेच आणलेली. म्हणजे असल्या खेळांच्या माहेरघरातच म्हणायचं आपण. पण माझ्या कानात मात्र 'पत्ते' म्हटलं की अजून आजीचा आवाज येतो: "कुटत बसा पत्ते, दुसरं येतंय काय!" तीच आजी मे महिन्यात दुपारी भांडी आवरली की पदर खोचून बदाम सातला बसायची, ते वेगळं.

त्या बदाम सातमध्ये मी कायम लिंबूटिंबू. चार भावंडांत शेंडेफळ, त्यावर कोल्हापूरला जमलेली आत्ये-मामे पलटण. हातात पानं असायची, पण मी काय टाकते याकडे कुणाचं लक्ष नसायचं. जिंकले तर "वा गं वा" आणि हरले तर मोजायचंच नाही. लाडच होते ते. पण लिंबूटिंबूला एक गोष्ट पक्की कळत असते, की आपण खेळात बसलोय, खेळत नाही. मला ती इतकी वर्षं शब्दांत सांगता आली नव्हती. तुझ्या दुकानात आली.

ऑक्टोबरातला शनिवार होता, बाहेर सिॲटलची ती नेहमीची भुरभुर. आत लांबलचक टेबलं, घडीच्या खुर्च्या, ओल्या जॅकेटांचा आणि पिझ्झाचा वास. बहुतेक माणसं तिशी-चाळिशीची, पाठीवर सॅक, समोर रबरी मॅट. लेक हातात प्लॅस्टिकचा डबा घट्ट धरून. "अगं हळू, सांडतील सगळे पत्ते," असं मी तिला दबक्या आवाजात म्हणाले आणि काउंटरमागून शुद्ध सांगली आली: "सांडू दे की ताई, गोळा करू!"

मोठ्या स्पर्धांत वयाप्रमाणे ज्युनिअर, सीनिअर आणि मास्टर्स असे तीन गट असतात. २०२५ च्या हंगामात २०१३ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं ज्युनिअरमध्ये होती. पण शनिवारच्या छोट्या स्पर्धेला ज्युनिअर येणार किती? दोन, फार तर तीन. मग सगळ्यांना एकत्र खेळवायचं आणि निकाल तेवढे वेगळे लावायचे. त्यामुळे खुर्चीवर गुडघे टेकून बसलेल्या माझ्या लेकीसमोर दाढीवाला इंजिनिअर येतो. जोड्यांची यादी लागली की त्या माणसाचा चेहरा मी आता लांबून ओळखते. कुणी हळूच सुस्कारा सोडतो, की गेला आपला अर्धा-पाऊण तास. कुणी एकदम मवाळ होतो आणि आवाज बदलून बोलायला लागतो. तिसऱ्या प्रकारच्या माणसाची नजर मुलीकडे जात नाही, तिच्या कार्डांच्या फोल्डरकडे जाते. त्याचं पुढे सांगते. मॅजिकच्या खोक्यावर वय लिहितात १३ पासून पुढे, पोकेमॉनच्या खोक्यावर ६ पासून. सहा वर्षांच्या मुलांसाठी म्हणून विकलेल्या खेळात सहा-सात वर्षांचं मूल आलं की नाक मुरडायचं, याला काय म्हणावं! पण तेच लोक लहानपणी हा खेळ घेऊन बसले आणि त्याच्यासोबतच मोठे झाले. आपल्या आळीत नवीन बिऱ्हाड आलं की जुन्यांना जसं वाटतं, तसं होत असावं.

पहिल्याच डावात लेकीने चारमँडर नावाचा पोकेमॉन खाली ठेवला आणि लगेच त्याच्यावर चारमेलियन, म्हणजे त्याचंच वाढलेलं रूप, चढवला. ज्या पाळीत पोकेमॉन खाली ठेवला त्याच पाळीत तो विकसित करता येत नाही, हे आता मलाही पाठ आहे. समोरचा दाढीवाला भला माणूस होता. हसून म्हणाला, असू दे, लहान आहे. मीही हसले. तू मात्र टेबलापाशी येऊन उकिडवा बसलास, तिच्या डोळ्यांच्या रेषेत, आणि खालच्या चारमँडरवर बोट ठेवून विचारलंस, "हा या पाळीत आला का गं?" ती म्हणाली, "हो." "मग त्याला वाढायला एक पाळी द्यायला लागते. पुढच्या खेपेला चढव." कार्ड परत तिच्या हातात. दाढीवाला पुन्हा म्हणाला, चालेल की. तू त्याला इंग्रजीत सांगितलंस, तिचं नाव यादीत आहे ना, मग नियमही तिला आहेत.

मला तेव्हा तुझा राग आला होता, खरं सांगते. एवढंसं पोर, पहिलाच दिवस, कशाला लावायचं इतकं? गाडीत मी तसं म्हणायला तोंड उघडणार, तर मागून लेक नवऱ्याला फोनवर सांगत होती, "बाबा, माझं नाव यादीत आहे."

साठ कार्डं, त्यांना प्लॅस्टिकच्या स्लीव्ह. तिच्या मुठीत तो गठ्ठा मावायचाच नाही. पिसायला घेतला की अर्धी कार्डं टेबलाखाली. तू तिला सांगितलंस, हातात पिसायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? सगळी टेबलावर उपडी पसरायची, दोन्ही तळव्यांनी कालवायची आणि परत गोळा करायची. वरण-भात कालवल्यासारखं ती ते करते, अगदी मन लावून. समोरच्याला थांबावं लागतं, तर थांबतात लोक. तू थांबायला लावलंस म्हणून थांबायला शिकले.

हिशेबाचंही तसंच. एकशे वीस डॅमेज, समोरच्याला त्याची वीकनेस म्हणून दुप्पट, आणि त्याची ताकद दोनशे ऐंशी. मग उरले किती? समोरचा पटकन उत्तर सांगायला गेला की तू फक्त हात वर करायचास. ती बोटांवर मोजत बसायची. शाळेतल्या वर्कशीटला जिने मला रडवलं, तीच ही मुलगी.

आता तो जानेवारीतला डाव. ज्युनिअर दुसरं कुणी आलं नव्हतं, एक माणूस कमी पडत होता म्हणून तू स्वतः खेळायला बसलास, आणि जोडी लागली ती नेमकी तिच्याशी. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की प्राइझ कार्ड उचलायचं, आणि ज्याची सहा आधी उचलून होतील तो जिंकला. त्या सहापैकी पाच तिने उचललेली. तुझी दोन बाकी. तिचा चारिझार्ड, म्हणजे चारमँडरचं शेवटचं रूप, अर्धमेला झाला तसा तिने शहाणपणाने त्याला मागे राखीव पोकेमॉनच्या बेंचवर नेलं, पुढे दुसरंच काहीतरी उभं केलं आणि माझ्याकडे बघून मिटल्या तोंडाने हसली. मागे लपवलं, सुटलो! तू कार्ड ओढलंस. जरा थांबलास. मग 'बॉसेस ऑर्डर्स' खाली ठेवलंस, बेंचवरच्या चारिझार्डला ओढून पुढे आणलंस आणि उडवलंस. तिच्या त्या चारिझार्डची दोन प्राइझ मिळतात. डाव संपला.

दुकानात शांतता. दोघं-तिघं तुझ्याकडे असे बघत होते की याला काही काळीज! तिची हनुवटी थरथरायला लागली. तू हात पुढे केलास, तिने मिळवला, आणि मग ती माझ्या कुशीत शिरून जी रडली ती गाडीपर्यंत. तू मागून एवढंच म्हणालास, "पुढल्या शनिवारी ये. मी ते कार्ड कशासाठी राखलं होतं ते सांगतो." समजूत नाही, चॉकलेट नाही. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, आता ही काही जायची नाही.

शुक्रवारी रात्रीच तिचा डबा भरून दारात ठेवलेला होता.

आता त्या फोल्डरवाल्याबद्दल. राक्षस नव्हता तो, चारचौघांसारखाच. २०२१ मध्ये या कार्डांवरून इतकी झुंबड उडाली होती की टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने काही काळ आपल्या दुकानांतून ती विकणंच थांबवलं. तेव्हापासून पुष्कळांना कार्ड दिसलं की आधी किंमत दिसते. त्याने लेकीला सहा चमचमती कार्डं देऊ केली, तिच्या एका चारिझार्डच्या बदल्यात. सहाला एक! तिला तर लॉटरीच लागली. मी तेव्हा फोनमध्ये डोकं घालून बसले होते. तू येऊन भांडला नाहीस, त्याला चारचौघांत उघडंही पाडलं नाहीस. "बारा वर्षांच्या आतलं कुणीही आई-बाबा शेजारी असल्याशिवाय अदलाबदल करत नाही, इथला नियम आहे," एवढं म्हणालास. तो नियम तू त्याच क्षणी केलास की आधीपासून होता, हे मी कधी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र तो छापून भिंतीवर लागला होता.

मग तिला घेऊन बसलास आणि कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातली खूण दाखवलीस. गोल असेल तर सर्रास मिळणारं, पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असेल तर जरा कमी, चांदणी असेल तर दुर्मीळ. चमकतं म्हणजे भारी असं नाही. त्या सहांची खरी किंमत फोनवर तिलाच शोधायला लावलीस. घरी हे ऐकून नवरा गप्प झाला. त्याच्या सोसायटीत एका मोठ्या मुलाने त्याच्याकडून कुस्तीवाल्या ट्रम्प कार्डांतला अंडरटेकर चार फालतू कार्डं देऊन नेला होता. तीस वर्षं होत आली, अजून सलतंय. "आमच्या वेळी असा कुणी असता तर," असं म्हणून तो भांडी घासायला उठला. हे तो सहसा करत नाही.

एका गोष्टीचे आभार मानणं मला जड जातंय, म्हणून ती मुद्दाम लिहिते. एका शनिवारी मी तिला खेळायला बसवलं आणि शेजारच्या इंडियन ग्रोसरीत गेले. मेथी निवडून घेताना ओळखीची भेटली, गप्पा लांबल्या. परत आले तर तू दारातच. हळू आवाजात, पण अगदी स्वच्छ म्हणालास, "ताई, हे पाळणाघर नाही. तिची फेरी वीस मिनिटांपूर्वी संपली, तेव्हापासून मी तिच्यावर लक्ष ठेवून आहे आणि बाकीच्या टेबलांवरचे लोक पंचाची वाट बघतायत." कान तापले माझे. मनात म्हटलं, मोठा आला शिकवणारा. पण सुस्कारे सोडणाऱ्या त्या लोकांचं अर्धं दुखणं कुठे आहे, ते मला त्या दिवशी कळलं. ते मुलांना वैतागत नव्हते. मुलं सोडून मेथी आणायला जाणाऱ्या आम्हाला वैतागत होते. आठवडाभर राबून, पैसे भरून आलेल्या माणसाने आमच्या पोरांची नाकं का पुसावीत?

या उन्हाळ्यात आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. दुपारी बदाम सात मांडला, माझ्या भाच्याचा चार वर्षांचा मुलगा मध्ये येऊन बसला आणि कुणीतरी सवयीने म्हणालं, "हा लिंबूटिंबू." लेक ताडकन म्हणाली, "का? त्याला नियम सांगा ना." सांगितले. पाच मिनिटांत पठ्ठ्या हरला, पत्ते उधळले, कुणाचा तरी चहा सांडला आणि त्याने अशी काही गगनभेदी किंकाळी फोडली की अख्खा वाडा गोळा झाला. माझी आई लेकीला म्हणाली, "बघितलंस? म्हणून असतंय लिंबूटिंबू." म्हणजे चार वर्षांच्याला ते लागतंच बहुतेक. तू सातव्या वर्षी काढून घेतलंस, ते वेळेवर होतं.

तुझा निळा फासा आमच्या डब्यात आलाय, डॅमेज मोजायचा तो. शुक्रवारी जेवायला ये तेव्हा घेऊन जा. आईने सांडगी मिरची दिली आहे, तुझ्या वाटणीची वेगळी काढून ठेवली आहे. जेवणानंतर दोन डाव खेळावे लागतील, ही अट माझी नाही.

तुझी,
ताई

ता. क.: लेकीने एक विचारायला सांगितलंय. जानेवारीतल्या त्या डावात 'बॉसेस ऑर्डर्स' तुझ्या हातात आधीपासून होतं, की शेवटचं कार्ड ओढलंस तेव्हा आलं? तू 'राखलं होतं' म्हणालास, पण ओढल्यावर जरा थांबला होतास, ते तिने पाहिलंय. खरं काय ते सांग म्हणते.